पुन्हा शिडी

माझ्या कामाच्या खोलीत एक लाकडी शिडी आहे. भिंतींना रंग द्यायला आलेला रंगारी ती ठेवून गेला. "उद्या नेतो" म्हणाला होता, पण तो उद्या गेल्या अकरा वर्षांत उजाडलेला नाही. दोन उभे दांडे, नऊ आडव्या पायऱ्या. वर निमुळती वगैरे होत नाही, अगदी सरळसोट. वरून चौथी पायरी कधीतरी तडकली असावी. कुणीतरी तिला सुतळीचे आठ-दहा वेढे देऊन गाठ मारली आहे आणि गाठीचं एक टोक बाहेर लोंबतं. ही शिडी मी आतापर्यंत १४२ वेळा रंगवली आहे. आकडा पक्का आहे, कारण प्रत्येक कॅनव्हासच्या पाठीमागे तो लिहावा लागतो. दुसरं काही नाव द्यायची सोयच नाही.

सुरुवात अगदी बिनमहत्त्वाची होती. चांगला विषय सुचत नव्हता आणि सुचेपर्यंत हात तर चालू राहायला हवा, म्हणून समोर जे दिसत होतं ते काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच समोर होतं. विसाव्या शिडीपर्यंत मी लोकांना "सराव चाललाय" असं सांगत होते. पन्नासाव्यानंतर सांगणं सोडलं. एका प्रदर्शनात अकरा शिड्या ओळीनं टांगल्या होत्या. एक आजोबा पहिलीपासून शेवटचीपर्यंत सावकाश चालत गेले, परत आले आणि मला म्हणाले, "एवढं चढून जायचंय कुठे?" मी हसले. उत्तर तेव्हाही नव्हतं.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा रंगवण्याचा विषय निघाला की फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यायचाच. त्यानं १८९२ ते १८९४ या काळात रुआँच्या कॅथेड्रलची तीसहून जास्त चित्रं केली. समोरच्या खोलीतून बघत, एकाच दिवसात अनेक कॅनव्हास आलटून पालटून, ऊन सरकलं की पुढचा. यावर सगळे म्हणतात की तो दगड रंगवत नव्हता, उजेड रंगवत होता. असेल. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त जवळची वाटते. त्या दिवसांत होणाऱ्या बायकोला लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो, की रात्रभर वाईट स्वप्नं पडली, कॅथेड्रल माझ्या अंगावर कोसळत होतं आणि ते कधी निळं, कधी गुलाबी, कधी पिवळं दिसत होतं. हा काही उजेडाचा शांत अभ्यास करणारा माणूस नव्हे. हा पछाडलेला माणूस आहे. तेच ते करणाऱ्याला बाहेरचे लोक एक तर साधक समजतात नाहीतर आळशी. आतून ते बरंचसं दातात अडकलेल्या कणासारखं असतं, जीभ सारखी तिथेच जाते.

माझ्या शिडीत उजेडाची भानगड फारशी नाही. खिडकी उत्तरेकडची आहे, उजेड दिवसभर सारखाच. मग १४२ वेळा बदललं काय? हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि कळलं ते एकाच चित्राकडे बघून, दोन चित्रांची तुलना करून नव्हे.

शिडीच्या एका चित्रात मुळातच नऊदा तेच करावं लागतं. पहिली पायरी मी नेहमी निगुतीनं रंगवते. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात किंचित निळा, वरच्या कडेला उजेडाची कोरडी पांढरट रेघ, खाली भिंतीवर पडलेली सावली, तिची एक कड धारदार आणि दुसरी विरघळलेली. दुसरीही तशीच. तिसरीला हाताला पाठ झालेलं असतं. चौथीला सुतळी आहे, तिथे थांबावंच लागतं, वेढे मोजावे लागतात. पण पाचवी, सहावी, सातवी? त्या मी जवळजवळ न बघता ओढते. ब्रशमधला रंग संपत आलेला असतो आणि पुन्हा भरून घ्यायचा कंटाळा. रेघ फाटते, मधून कॅनव्हासचं विणकाम दिसतं. आठवीला अपराधी वाटायला लागतं आणि मी मान वर करून पुन्हा शिडीकडे बघते. नववी जमिनीजवळ असल्यामुळे फरशीचा थोडा उजेड तिला खालून लागतो. तो मला आवडतो, म्हणून नववी बहुधा सगळ्यांत चांगली होते. म्हणजे चित्रात शिडी आहेच, पण माझं लक्ष कधी होतं आणि कधी उडालं, याची नोंदही वरून खाली पायरीपायरीनं झालेली आहे.

हे दिसल्यावर अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलचं एक काम मला वेगळं दिसायला लागलं. १९६२ साली, सिनेतारका मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतर, त्यानं तिचा एकच फोटो सिल्कस्क्रीननं, म्हणजे जाळीच्या साच्यातून शाई ओढून, ५० वेळा छापला. डावीकडे २५ रंगीत, उजवीकडे २५ काळे-पांढरे. या चित्राबद्दल वाचायला गेलं की प्रसिद्धी, बाजार, मालासारखा विकला जाणारा चेहरा, असं सगळं भेटतं. तेही खरं असेलच. पण उजवीकडचा अर्धा भाग नीट बघा. एका रांगेत शाई इतकी लागली आहे की चेहरा काळोखात बुडालाय, आणि पुढे सरकत जाल तसा तो फिका होत होत जवळजवळ पुसला जातो. साचा एकच आहे. शाई ओढणाऱ्या हातानं कधी जास्त जोर दिला, कधी कमी. यंत्रासारखं काम करायची हौस असलेल्या माणसाच्या चित्रात मला सगळ्यात आधी दिसतं ते कुणाचं तरी मनगट.

चार वर्षांपूर्वी मी स्क्रीनवर काम करायला लागले. टॅबलेट घेतला, त्यावर चालणारं पेन म्हणजे स्टायलस घेतला आणि सवयीनं पहिल्याच दिवशी शिडी काढायला बसले. एक पायरी मन लावून काढली. मग लक्षात आलं की उरलेल्या आठ काढायची गरजच नाही. ड्युप्लिकेट, खाली सरकव, ड्युप्लिकेट, खाली सरकव. एक मिनिटही लागलं नाही. जे तयार झालं ती शिडी नव्हतीच, शिडीची खूण होती. "इथे शिडी ठेवू नये" अशा पाटीवर शोभेल अशी.

तिच्यात जीव नाही तर जीव घालू, असं मला वाटलं. अशा वेळी सगळेच करतात ते मीही केलं, थोडी गडबड मिसळली. प्रोसेसिंग नावाची एक प्रोग्रॅमिंगची व्यवस्था आहे, २००१ साली केसी रीस आणि बेन फ्राय यांनी सुरू केलेली, चित्रकारांना कोड लिहिता यावा म्हणून. ती थोडीफार शिकले. प्रत्येक पायरी यादृच्छिकपणे चार-पाच पिक्सेल इकडेतिकडे करायची, एवढाच प्रोग्रॅम. परिणाम: दारू प्यायलेली शिडी. मग पर्लिन नॉइज वापरला. केन पर्लिननं १९८०च्या दशकात शोधलेली ही युक्ती. हिच्यात एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूवर जाताना आकडे उड्या मारत नाहीत, हळूहळू चढतात-उतरतात. सिनेमातले ढग, धूर, संगमरवर यांच्यासाठी ती इतकी वापरली गेली की १९९७ साली त्याला ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. या नॉइजनं माझी शिडी जरा शुद्धीवर आली. पण पायऱ्या डुलत होत्या त्या कशासाठी, याला काही कारण नव्हतं. त्यात गंमत अशी की सुरुवातीचा आकडा, ज्याला सीड म्हणतात, तोच दिला की डुलणंही तंतोतंत तेच येतं. बेशिस्तसुद्धा घोकून पाठ केलेली! डिजिटल कामात "हाताचा फील" यावा म्हणून जी धडपड चालते, तिच्यापैकी बरीचशी मला तेव्हापासून मेकअपसारखी वाटते.

गडबडीला कारण कसं असतं ते संगणकावर चित्रं करणाऱ्या गेओर्ग नीस या जर्मन माणसानं फार पूर्वी दाखवून ठेवलं आहे. १९६८च्या सुमाराला त्यानं संगणकाला एक चित्र काढायला लावलं. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या. खाली येऊ तसा प्रत्येक चौकोन थोडा जास्त फिरतो, थोडा जास्त सरकतो, आणि तळाशी नुसता ढिगारा. त्याचं नावही खडी या अर्थाचंच आहे. आकडे यादृच्छिकच आहेत, पण गडबड वरून खाली वाढत जाते. तिला दिशा आहे, जणू वजन आहे.

आणि मग व्हेरा मोलनार. बुडापेस्टमध्ये १९२४ साली जन्मलेली, १९४७ पासून पॅरिसमध्ये राहिलेली, २०२३ साली गेलेली. हिनं संगणक हाताशी नसतानाच संगणकासारखं काम सुरू केलं होतं. नियम ठरवायचा आणि तो पायरीपायरीनं हातानं पाळायचा. याला ती काल्पनिक यंत्र म्हणायची. खरं यंत्र तिला १९६८ साली मिळालं. चौकोन, रेघा आणि त्यांत "एक टक्का अव्यवस्था" हे तिचं प्रसिद्ध गणित आहे, पण मला तिचं सगळ्यात प्रिय काम वेगळं आहे. तिची आई बुडापेस्टहून तिला नियमानं पत्रं लिहायची. त्या पत्रांतली प्रत्येक ओळ डावीकडे ताठ, टोकदार, शिस्तबद्ध अक्षरांत सुरू व्हायची आणि उजवीकडे जाता जाता अस्वस्थ, वेडीवाकडी होत जायची. आई गेल्यावर, १९८०च्या दशकात, मोलनारनं ते हस्ताक्षर संगणकाकडून लिहून घेतलं. वाचता येण्यासारखा एकही शब्द नाही. फक्त ओळींमागून ओळी, प्रत्येक डावीकडे सावरलेली आणि उजवीकडे सुटत गेलेली. ती छापील रूपात पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. कारण ओळीच्या डावीकडून उजवीकडे जे होत होतं, तेच माझ्या शिडीत वरून खाली होत होतं.

मीही मग तसं करून पाहिलं. सगळ्या शिड्या काढून भिंतीला टेकवल्या आणि कुठल्या पायरीला हात किती सैल पडतो हे टिपून घेतलं. पाचवी ते सातवी सैल, आठवीला सावरणं, नववी निवांत. ते आकडे प्रोग्रॅममध्ये घातले. आलेली शिडी हुबेहूब माझी होती. दोन दिवस मी खुशीत होते. तिसऱ्या दिवशी जरा विचित्र वाटायला लागलं. मोलनारनं आईचं हस्ताक्षर आयुष्यभर वाचलं होतं आणि मग यंत्राकडे दिलं. मी यंत्राकडे काय दिलं होतं? माझा कंटाळा. तो त्यानं बिनचूक गिरवला.

गिरवणं या शब्दाशी पुढे मी अडखळले ती एका अपघातामुळे. कीबोर्डची एक कळ अडकत होती. एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, मी त्याच जागी पेस्ट करायला गेले आणि ती कळ दाबलेलीच राहिली. मला कळलंच नाही. काही वेळानं शिडीच्या रेघा जाड दिसायला लागल्या, म्हणून झूम करून बघितलं. कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. लेयरची यादी उघडली तर तीच शिडी, त्याच जागी, एकावर एक चाळीसएक वेळा. एकही पिक्सेल हललेला नव्हता आणि तरी रेघ जाड झाली होती.

कारण साधं आहे. स्क्रीनवरची तिरकी किंवा मऊ रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून तिच्या कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक ठेवलेले असतात. ५० टक्के गडद पिक्सेलवर तोच पिक्सेल पुन्हा ठेवला की ७५ होतात, तिसऱ्यांदा ८७.५, आणि आठव्यांदा ९९च्या पुढे. मऊ कड संपली, दाते उरले. लहानपणी अक्षर गिरवताना हेच व्हायचं. पेन्सिल त्याच रेघेवरून कितीही जपून नेली तरी अक्षर फुगत जायचं आणि शेवटी शेवटी तर 'घ' आणि 'ध' यांतला फरक आपणच सांगावा लागायचा.

त्या दिवसापर्यंत मी ठामपणे म्हणत असे की यंत्राची पुनरावृत्ती मेलेली असते, कारण प्रत तंतोतंत असते. ते शेजारी शेजारी मांडलेल्या प्रतींबद्दल खरं आहे. एकावर एक ठेवलेल्या प्रतींबद्दल नाही. तिथे तंतोतंत असणंच काम करतं.

मी ते मुद्दाम करायला घेतलं. एकच शिडी, एकदाच काढलेली. मग दोन थर, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. प्रत्येक टप्प्याचा एक प्रिंट, एकूण सात. पहिल्या प्रिंटमध्ये भिंतीवरची सावली मी इतकी पुसट ठेवली होती, जेमतेम पाच टक्के, की ती आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये. सोळा थरांत ती साधारण ५६ टक्के झाली आणि चौसष्ट थरांत ९६. शेवटच्या प्रिंटमध्ये शिडी कुठली आणि सावली कुठली हे ओळखता येत नाही, दोघी सारख्याच काळ्या. पण खरी गंमत खालच्या उजव्या कोपऱ्यात होती. तिथे मी काहीच काढलं नव्हतं. पहिल्या चार प्रिंटमध्ये तिथे काहीच दिसत नाही. बत्तीसच्या प्रिंटमध्ये एक धूसर, वाकडा ओरखडा आहे. चौसष्टच्या प्रिंटमध्ये तो सगळ्यांना दिसतो, काहीजण तर तिथेच बोट ठेवून "हे काय?" विचारतात. चित्र काढताना स्टायलस टेकून उचलला असणार, एक-दोन टक्क्यांचा स्पर्श. मला माहीतही नव्हता. तो पुसावा असं एकदाही वाटलं नाही. बाकी सगळं मी काढलेलं होतं, तेवढंच घडलेलं होतं.

तसा डिजिटल ब्रश म्हणजेही पुनरावृत्तीच, हे मला फार उशिरा कळलं. स्क्रीनवर आपण ओढतो ती रेघ नसतेच. तो एकच ठसा असतो, जवळजवळ उमटवत नेलेला. ठशांमधलं अंतर वाढवून बघा, दीडशे टक्के करा. रेघ तुटून माळेचे मणी होतात. ओघ म्हणून जो भासतो तो भराभर केलेला "पुन्हा पुन्हा" असतो.

एकावर एक करण्याची जुनी, हाताची वाटही आहेच. फ्रँक आउअरबाख हा ब्रिटिश चित्रकार तीच ठरावीक माणसं दशकानुदशकं समोर बसवून रंगवत राहिला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. दिवसाचं काम पटलं नाही की सगळा रंग खरवडून टाकायचा आणि पुढच्या बैठकीला नव्यानं सुरुवात. आपल्याला दिसतं ते एक चित्र. त्याच्याआधी त्याच जागी होऊन गेलेली चित्रं कुठे गेली हे विचारायचं नाही.

रोमान ओपाल्का हा पोलिश चित्रकार उलट दिशेनं गेला. वॉर्सामध्ये १९६५ साली कॅनव्हासच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात त्यानं बारीक ब्रशनं १ लिहिला, मग २, मग ३. काळ्यावर पांढरे आकडे. १९७२ पासून तो प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत एक टक्का पांढरा जास्त मिसळू लागला, म्हणजे कधी ना कधी पांढऱ्यावर पांढरं लिहायची वेळ यावी. २०११ साली तो गेला तेव्हा आकडा ५६०७२४९ वर थांबला होता. या कथेत लोकांना तो शेवटचा आकडा भुरळ घालतो. मला मात्र त्या कॅनव्हासवरची लाट. ब्रश रंगात बुडवला की आकडे उजळ, मग लिहिता लिहिता फिके, पुन्हा बुडवला की उजळ. लांबून बघितलं तर वाऱ्यानं गवत हलावं तसं दिसतं. माझी पाचवी-सहावी-सातवी पायरी, पण इथे तो आपला कंटाळा लपवत नाही आणि मिरवतही नाही.

आणि आपली भारतीय चित्रकार नसरीन मोहमदी. शाईच्या बारीक, समांतर, तिरप्या रेघा, आखणीच्या उपकरणांनी काढलेल्या, कागदावर श्वास रोखून धरल्यासारख्या. शरीरावरचा ताबा हळूहळू हिरावून घेणारा मज्जासंस्थेचा आजार तिला जडला होता. १९९० साली ती गेली. हात साथ देईनासा होत असतानाही कागदावरची रेघ हललेली नाही. तिच्या चित्रांसमोर उभी राहिले की माझ्या फाटलेल्या, बेफिकीर रेघांचं मी केलेलं सगळं कौतुक घशात अडकतं. हाताचा थरकाप म्हणजे जिवंतपणा, असं म्हणणं धडधाकट हाताला परवडतं.

परवा १४३वी शिडी रंगवायला घेतली. पुन्हा तैलरंग, पुन्हा खरी शिडी. आदल्या आठवड्यात खोलीतला दिवा गेला होता, तो बदलायला कुणीतरी ती हलवली होती आणि परत भिंतीला टेकवून ठेवली होती. पहिली पायरी नीट झाली. दुसरी, तिसरी. चौथीला थांबले, बारीक ब्रश घेतला, येलो ऑकर या मातकट पिवळ्यात थोडा पांढरा मिसळून सुतळीचे वेढे काढले, नऊ. गाठ काढली. लोंबणारं टोक काढलं, त्याला या वेळी चांगला बाक आला. पाचवी ओढली. सहावी ओढताना का कोण जाणे, मान वर केली.

सुतळी सहाव्या पायरीला होती.

शिडी उलटी ठेवली गेली होती. वरून चौथी होती ती आता खालून चौथी. समोर बसून मी अर्धा तास जे मोजून मोजून रंगवलं होतं, ते तिथे नव्हतंच. मी पॅलेट नाइफ उचलला, चौथीवरची ओली सुतळी खरवडायला. मग तो खाली ठेवला आणि बारीक ब्रश धुऊन सहाव्या पायरीचे वेढे मोजायला लागले. नऊ नाहीत. अकरा आहेत.